ढोल घ्यावी की हलगी

नसीमआपा दार ढकलून आत आल्या तेव्हा त्यांचे यजमान माझ्या क्लिनिकच्या मधोमध एका निळ्या लोडावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले होते. हातात व्यायामाची काठी आडवी धरलेली. डोळे मिटलेले. तोंडानं डुगडुगडुगडुग असा आवाज चालू होता.

मी समोर स्टुलावर बसून त्यांच्या डाव्या पावलाकडे बघत होते.

"आता चौथा टाका," मी म्हणाले.

रऊफभाईंनी डाव्या पायाचा पंजा वर उचलला, चेहरा वाकडा केला आणि डुगडुगचा सूर बदलला.

"कुठपर्यंत पोचलात?" नसीमआपांनी विचारलं.

रऊफभाईंनी डोळे उघडले. इंजिन बंद पडलं.

अन्वय, मीरा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की आजी अजून क्लिनिकला जाते म्हणजे तिथं नक्की काय करते. मी म्हटलं, लोकांना चालायला शिकवते. त्यावर मीरा म्हणाली, चालायला तर बाळांना शिकवतात. म्हणून ही एक केस सुरुवातीपासून नीट लिहून पाठवते. अडेल तिथं आईला विचारा. नावं बदलली आहेत आणि पेशंटची परवानगी घेतली आहे. त्यांची एकच अट होती, मोटरसायकलचा रंग काळा लिहायचा. रंग काळा आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाड मोडलं की डॉक्टर ते जुळवतात, प्लास्टर घालतात, काढतात आणि पेशंटला माझ्याकडे पाठवतात. प्लास्टरमध्ये पडून राहिलेला सांधा आखडतो, स्नायू बारीक होतो. त्यांना पुन्हा कामाला लावणं हे माझं काम. औषध काही नाही. व्यायाम, आणि व्यायाम केला म्हणून खोटं सांगणाऱ्या माणसाला ओळखणं.

रऊफभाईंचं औरंगपुऱ्यात टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. साठी ओलांडलेली, अंगानं भरलेले, मेंदी लावलेली दाढी. त्यांचा डावा घोटा मोडला तो दुकानातच. एका गिऱ्हाइकाला ते पाय न घसरणारी टाइल दाखवत होते. टाइल ओली केली, वर उभे राहिले, "बघा, घसरते का?" म्हणाले, आणि घसरले. गिऱ्हाईक मात्र चांगलं निघालं. त्यानंच त्यांना हॉस्पिटलात नेलं, आणि टाइल दुसऱ्या दुकानातून घेतली.

प्रत्येक नव्या पेशंटला मी पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारते. बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचं आहे? त्याला आम्ही गोल म्हणतो. उत्तर पक्कं असलं की व्यायाम पक्का ठरतो. कुणी म्हणतं जिना चढायचाय, कुणी म्हणतं नमाजला खाली बसता आलं पाहिजे, कुणी म्हणतं लेकीच्या लग्नात उभं राहायचंय.

रऊफभाईंनी दाराकडे बघून खात्री केली, बायको बाहेर आहे ना, आणि हळूच म्हणाले, "क्रूझर."

क्रूझर म्हणजे एका प्रकारची मोटरसायकल. सीट खाली, हँडल रुंद, पाय पुढं पसरलेले. माणूस गाडी चालवतोय की आरामखुर्चीत बसलाय ते लांबून कळत नाही. रऊफभाई तरुणपणी मोटरसायकल चालवायचे. मग दुकानाला टेम्पो आला, पोट आलं, आणि मोटरसायकल गेली. त्याला आता वीसेक वर्षं झाली.

"मग आत्ताच का?" मी विचारलं.

"दिग्या चाललाय," ते म्हणाले.

दिग्या म्हणजे दिगंबरराव. हर्सूलचे. घरची शेती, पुढं वाळूजच्या कारखान्यात नोकरी, आता निवृत्त. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. तेव्हा सुट्टी मिळाली की आपापल्या मोटरसायकली काढायच्या, दौलताबादचा घाट चढायचा, खुलताबादेत चहा, आणि म्हैसमाळच्या टेकडीवर कणसं खाऊन परत. लग्नं, दुकान, नोकरी यांत ते बंद पडलं. आता दिगंबरराव कायमचे कॅनडाला मुलाकडे निघाले होते. विमान महिनाअखेरीला. मी त्यांना एकदा विचारलं, ते शहर माझ्या नातवंडांच्या शहराजवळ आहे का. ते म्हणाले, "मॅडम, तिथं समदं एकमेकांपासून लांबच हाय म्हणं."

जाण्याआधी एकदा दोघांनी आपापल्या गाडीवर म्हैसमाळला जायचं, एवढं त्या दोघांचं ठरलं होतं. दिगंबररावांकडे क्रूझर होती. रऊफभाईंकडे घोटा होता.

आणि नसीमआपा होत्या. नसीमआपा मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. निवृत्त झाल्या आहेत हे फक्त शाळेला माहीत आहे. त्यांनी घरात जाहीर केलं होतं की फिजिओ मॅडम हो म्हणाल्या तर मोटरसायकल, नाही म्हणाल्या तर पांढऱ्या रंगाची, बिनगियरची स्कूटर. मग नवरा बाहेर बसलेला असताना त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नाही म्हणा. म्हणजे मी वाईट होत नाही."

दुसऱ्या दिवशी रऊफभाई म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाथरूमच्या टाइल्स लई जुन्या झाल्या ना?" त्याच संध्याकाळी आपांच्या घरून खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, आला. टाइल्स मी नाकारल्या. मीठा परत पाठवणं वाईट दिसतं म्हणून खाल्ला. निर्णयावर परिणाम झाला नाही.

दोघांनाही मी एकच सांगितलं. माझ्या धंद्यात मत नसतं, टेस्ट असते. टेस्ट पास झाली तर हो, नाही तर नाही.

पण टेस्ट घ्यायला आधी गाडी कुठली ते ठरायला हवं होतं. आणि तिथंच सगळं अडलं.

बाजारात त्यांच्या खिशाला आणि मनाला परवडतील अशा दोन कंपन्यांच्या क्रूझर होत्या. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. लिहिली तर अन्वय इंटरनेटवर बघून मला दुरुस्त करत बसेल. आमच्या क्लिनिकात त्यांना आवाजावरून नावं पडली. एकीचा आवाज जड आणि संथ, ती ढोल. दुसरीचा जरा चपळ, ती हलगी. हलगी म्हणजे इकडं मिरवणुकीत वाजवतात ते सपाट, कातड्याचं वाद्य. दिगंबररावांकडे होती ती ढोल. त्यांच्या मते जगात दुसरी गाडीच नव्हती.

"मॅडम, ह्याला सांगा, ढोल घे म्हणावं," ते म्हणायचे. "दोन एकसारख्या गाड्या शेजारी शेजारी चालल्या की कसं दिसतंय!"

"हौ, ढोलच घेतो," रऊफभाई म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, "मॅडम, रातभर सोचा. हलगी."

तिसऱ्या दिवशी पुन्हा ढोल. माझ्या नोंदीत मी घोट्याची प्रगती लिहायची आणि समोर पेन्सिलनं आजची गाडी. घोटा रोज पुढं जात होता. गाडी दोन घरांत फिरत होती.

हा विषय मग सगळ्या क्लिनिकचा झाला. माझ्याकडे बजाजनगरचे बोर्डेकाका मानेच्या ट्रॅक्शनला यायचे. ट्रॅक्शन म्हणजे हनुवटीखाली पट्टा बांधून मान यंत्रानं हलकेच वर ओढायची. मानेच्या मणक्यांना जरा मोकळीक मिळते. त्यात माणसाला तोंड उघडता येत नाही. बोर्डेकाकांना गप्प बसणं त्याहून कठीण. ते पट्ट्यात अडकलेले, नजर समोरच्या भिंतीवर, आणि मत हातानं. एक बोट म्हणजे ढोल, दोन बोटं म्हणजे हलगी. गुडघेदुखीच्या बायका शेक घेत घेत आपली मतं सांगायच्या. एकीनं तर विचारलं, मागं बसल्यावर साडी कुठं ठेवायची. बरोबर प्रश्न होता. दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकात उत्तर नव्हतं.

एकदा रऊफभाई तिसऱ्याच कंपनीचं माहितीपत्रक घेऊन आले. बोर्डेकाकांनी पट्ट्यातून मूठ उगारली. तो विषय तिथंच मिटला.

मी माझ्या पद्धतीनं निघाले. पहिली गोष्ट, उभ्या गाडीवर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. दोन्ही गाड्या ठेंगण्या, दोन्हीवर टेकतात. दुसरी गोष्ट, हँडलला हात पोचताना खांदा ताणला जाऊ नये. दोन्हीवर ठीक. तिसरी गोष्ट गियर.

मोटरसायकलचा गियर डाव्या पायानं टाकतात. वरचा गियर टाकायला पावलाचा पंजा दांड्याखाली घालून वर उचलायचा. रऊफभाईंचा मोडलेला घोटा डावा, आणि मोडलेल्या घोट्याला सगळ्यांत उशिरा जमणारी हालचाल हीच, पंजा वर उचलणं. म्हणून लोडावर बसवून सराव चालला होता. ढोलला हा एकच दांडा होता. हलगीला दांडा दोन्हीकडे होता, पुढं पंजासाठी आणि मागं टाचेसाठी. टाचेनं मागचा भाग दाबला की वरचा गियर पडतो. पंजा उचलायचं कामच नाही.

"मग झालं तर," मी म्हणाले. "तुमच्या पायाची गाडी हलगी."

रऊफभाईंनी दाढी खाजवली. "बरोबर आहे मॅडम. पण दिग्या नाराज होऊन विमानात बसला तर?"

याला फिजिओथेरपीत उत्तर नाही.

"दोन्ही चालवून तर बघा," मी म्हणाले.

मग आम्ही जालना रोडवरच्या दोन शोरूममध्ये गेलो. रऊफभाई, दिगंबरराव, नसीमआपा आणि मी. ढोलच्या शोरूममध्ये टाय लावलेला एक सेल्समन धावत आला. त्यानं रऊफभाईंना पाणी दिलं, आपांना खुर्ची दिली आणि मला वरून खाली बघितलं.

"आजींना मागं बसायला बॅकरेस्ट लावून देतो सर. एकदम सोफा."

"मी फिजिओ आहे," मी म्हणाले.

"बघतो मॅडम," तो म्हणाला. "पण कंपनी फिटिंगमध्ये नसेल, बाहेरून लावून घ्यावं लागेल."

दिगंबरराव तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले.

रऊफभाईंनी ढोल चालवली. क्रांती चौकापर्यंत जाऊन आले. चेहरा असा फुलला होता की आपांनी दुसरीकडे बघितलं. घोटा जरा दुखला, पण चालवली. मग दुसऱ्या शोरूममध्ये हलगी चालवली. पुन्हा तोच चेहरा. घोटा दुखला नाही.

"आता सांगा, कुठली?" मी विचारलं.

"मॅडम, दोन्ही एक नंबर," ते म्हणाले. म्हणजे एवढं पेट्रोल जाळून आम्ही निघालो होतो तिथंच होतो.

पण मला दुसरीच गोष्ट खटकली होती. दोन्ही शोरूममध्ये सेल्समननं गाडी स्वतः बाहेर काढली. स्वतः वळवली. रस्त्याकडे तोंड करून रऊफभाईंच्या हातात दिली. परत आल्यावर ते उतरायच्या आत हँडल धरलं, "राहू द्या सर, मी लावतो" म्हणाला आणि ढकलत आत नेली. नवरदेवाच्या घोड्यासारखा प्रकार. लगाम दुसऱ्याच्या हातात, वरचा नुसता ऐटीत. चालती मोटरसायकल हलकी असते. उभी मोटरसायकल दोनशे किलोच्या आसपास असते आणि तिला मागं जायचा गियर नसतो. मागं न्यायची तर वर बसून पायांनी रेटायची. त्याची टेस्ट कुणीच घेतली नव्हती.

"रऊफभाई, गाडी रोज कुठं लावणार?" मी विचारलं.

"दुकानापुढं."

"मग टेस्ट दुकानापुढं."

त्या रविवारी सकाळी आम्ही औरंगपुऱ्यात जमलो. दुकानं बहुतेक बंद, गल्लीला जरा श्वास होता. दिगंबररावांनी आपली ढोल आणली.

आता तिथली जागा समजून घ्या. आमच्या जुन्या बाजारात रस्ता नवा करायचा म्हणजे जुन्या रस्त्यावरच आणखी एक थर. असे थर साठत साठत रस्ता वर चढला. दुकानं मात्र बांधली तिथंच राहिली. त्यामुळं रऊफभाईंच्या दुकानापुढं रस्त्यापासून पायरीपर्यंत चांगला उतार आहे. सगळी गल्ली आपल्या गाड्या तोंड दुकानाकडे करून त्या उतारावर लावते. लावायला सोपं, नुसती सोडायची. स्कूटर असते तेव्हा काढायलाही सोपं, शेपटी धरून ओढायची.

रऊफभाई कोपऱ्यावरून ढोल घेऊन आले. डुगडुगडुगडुग, या वेळी खरं. पानवाला उठून उभा राहिला. एका खिडकीतून कुणीतरी "क्या बात है चाचा!" म्हणालं. त्यांनी ऐटीत वळण घेतलं, उतारावरून सरळ खाली आले आणि पायरीशी थांबले. इंजिन बंद केलं. आजूबाजूला बघितलं.

"बघितलं?" ते म्हणाले.

"बघितलं," मी म्हणाले. "आता मागं घ्या."

त्यांनी दोन्ही पाय टेकले आणि रेटलं. गाडी हलली नाही. आणखी जोर लावला. गाडी हलली, पण मागं नाही, डावीकडे. डावा घोटा अशा वेळी जे करतो ते त्यानं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. ढोल अगदी सावकाश कलली, जशी एखादी म्हातारी बाई भिंतीला टेकते, आणि पायरीजवळ रचलेल्या कमोडच्या खोक्यांना जाऊन टेकली. रऊफभाई वर तसेच, तिरके.

"रऊफ्या," दिगंबरराव म्हणाले, "बसायला जागा बरी निवडली."

मी आधी घोटा बघितला, मग माणूस, मग गाडी. दिगंबररावांनी उलट्या क्रमानं बघितलं. सगळं शाबूत होतं. तोवर गल्ली जमली. प्रत्येकाकडे सल्ला होता.

"पीछे से खींचो!"

"पहले चाचा को तो उतारो!"

"रिव्हर्स नहीं आता क्या इसमें? इतनी महंगी गाडी, और रिव्हर्स नहीं?"

शेवटी पानवाला, दिगंबरराव आणि आणखी दोघांनी ओढून गाडी रस्त्यावर काढली.

"लई जड हाय राव ही," दिगंबरराव पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. "मी तर घरी ट्रॅक्टरच्या शेडमधून काढतो. तिथं सपाट हाय."

"हलगी हलकी असेल," पानवाला म्हणाला.

नव्हती. दोन्ही गाड्यांच्या वजनातला फरक पांढऱ्या सिमेंटच्या एका छोट्या पिशवीइतका. ज्या पायाला एक हलत नव्हती त्याला दुसरीही हलणार नव्हती.

माझ्याकडे आता उत्तर होतं. नाही. दर वेळी गाडी काढायला चार माणसं लागणार असतील तर तो घोटा पुन्हा मोडणार. मी आपांकडे बघितलं. त्या रिक्षातून उतरून सावलीत उभ्या होत्या. त्या जिंकल्या होत्या.

रऊफभाईंनी वाद घातला नाही. मला तोच अपेक्षित होता, मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते फक्त म्हणाले, "ठीक है. स्कूटर बघू." मग खिशातून रुमाल काढला आणि दिगंबररावांच्या गाडीचा आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छच होता. दिगंबरराव दुकानाची पाटी वाचत उभे राहिले. ती पाटी त्यांनी हजार वेळा वाचलेली असणार.

नसीमआपा नवऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर उताराकडे गेली आणि कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखते. वर्गात कुणी फळा अर्धाच पुसला की पडते ती.

"पण गाडी अशी लावली कुणी?" त्या म्हणाल्या.

"अशी म्हणजे?" रऊफभाईंनी विचारलं.

"तोंड आत करून. असं लावतात का कुठं?"

"भाभी, समदी गल्ली अशीच लावतीय," दिगंबरराव म्हणाले.

"सगळ्या मुलीही चपला अशाच काढायच्या," आपा म्हणाल्या. "तोंड वर्गाकडे. मग बेल झाली की सगळ्या एकदम दारात. एक वळतेय, एक वाकतेय, एक उलटी चप्पल घालून दुसरीच्या अंगावर पडतेय. रोज कुणाचं तरी ढोपर फुटायचं. मी नियम केला. चप्पल काढायची, वळायचं, तोंड दाराबाहेर करून ठेवायची. आत येताना घाई नसते, बाहेर जाताना असते. जी मेहनत करायची ती येतानाच करायची. त्यानंतर बेल झाली की मुली उभ्या उभ्या चपलेत पाय घालून सरळ चालू लागायच्या."

"मुली चपला वळवतात भाभी. ही दोनशे किलोची चप्पल कोण वळवणार?"

"वळवायची कशाला? रस्त्यावर इंजिननंच वळवा. शेपटी दुकानाकडे करा. मग ब्रेक धरून मागं सोडा. उतार आहे ना? उतार कशाला ठेवलाय?"

सगळे उताराकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्याच्याकडे या नजरेनं कुणी बघितलं नव्हतं.

"बसा गाडीवर," आपांनी हुकूम केला. "दिगंबरभाई, मागं उभे राहा. पानवाले, तुम्ही रस्ता बघा. कुणी बोलणार नाही."

कुणी बोललं नाही. रऊफभाई गाडीवर बसले, रस्त्यावर वळले, दुकानाकडे पाठ करून थांबले. दोन्ही तळवे टेकलेले. पुढचा ब्रेक जरा ढिला केला. ढोल आपल्याच वजनानं, सावकाश, शेपटीकडून उतारावरून खाली सरकायला लागली. ब्रेक, थांबली. ढिला, सरकली. घोट्याला रेटायचं काहीच नव्हतं, नुसतं टेकायचं होतं. पायरीच्या जरा अलीकडे गाडी थांबली. तोंड रस्त्याकडे.

"आता निघा," आपा म्हणाल्या.

रऊफभाईंनी बटण दाबलं, पहिला गियर टाकला आणि उतार चढून सरळ रस्त्यावर गेले. पानवाल्यानं टाळी वाजवली. मी घोटा बघायला मागं धावले. घोटा ठीक होता. पुन्हा करायला लावलं. पुन्हा जमलं. तिसऱ्यांदा ते मला न विचारताच करत होते.

नसीमआपांनी हातावरचा खडू झटकावा तसे हात झटकले. समाधानानं मान डोलावली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "मी काय केलं?"

"आपा," मी म्हणाले, "आता नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नाही."

"तुम्ही मला थांबवायचं ना मॅडम!"

"तुम्हीच म्हणालात, कुणी बोलणार नाही."

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही.

मी हो म्हटलं, अटीसह. गाडी कायम बाहेर तोंड करूनच लावायची. आणि टाचेचा गियर हवा, म्हणजे हलगी. दिगंबररावांनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग क्लिनिकवर आले, ट्रॅक्शनमधल्या बोर्डेकाकांकडे बघितलं. काकांनी दोन बोटं वर केली.

"जाऊ द्या मॅडम," दिगंबरराव म्हणाले. "घोट्यापुढं मी काय बोलू? आन् तसंही वरातीत ढोल बी लागतो, हलगी बी लागती."

हलगी आली. काळी. लिंबं ठेवली, पेढे वाटले, गल्लीतल्या प्रत्येकानं ॲव्हरेज किती देते ते विचारलं आणि प्रत्येकाला रऊफभाईंनी वेगळा आकडा सांगितला. नंबर प्लेट वेळेत मिळते की नाही याची दोघांनी एवढी धास्ती घेतली की मला त्यांच्या झोपेसाठी श्वासाचे व्यायाम द्यावे लागले. विमानाच्या आधीच्या रविवारी सकाळी दोघं निघाले. मागून गाडीत आपा आणि मी. मी पेशंटच्या देखरेखीसाठी. आपा माझ्या देखरेखीसाठी.

दौलताबादच्या घाटात दोघं शेजारी शेजारी चालले होते. आपांनी काच खाली करून "एकामागे एक!" असं ओरडून सांगितलं. दोघं एकामागे एक झाले. पुढच्या वळणावर पुन्हा शेजारी शेजारी. खुलताबादेत चहा झाला. म्हैसमाळला कणसं मिळाली. दोघांनीही न सांगता गाड्या तोंड रस्त्याकडे करून लावल्या होत्या.

कणीस खाता खाता दिगंबररावांनी खिशातून ढोलची दुसरी किल्ली काढून रऊफभाईंच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"गाडी तुझ्याकडं ठेव. पुतण्या मागतोय, नाय दिली. विकायची नाय, कुणाला द्यायची नाय. नुस्ती ठेवायची. आठवड्याला एकदा फिरवून आण, न्हाय तर बॅटरी उतरंल."

"किती दिवस?" आपांनी विचारलं.

"मी येईस्तोवर."

"आणि येणार कधी, दिगंबरभाई?"

त्यांनी कणसाकडे बघितलं. त्यावर एक दाणा उरला नव्हता. "भाभी, तुमच्या नियमानं लावून ठेवा म्हंजे झालं. आलो की सरळ बसून निघतो."

रऊफभाईंनी किल्ली खिशात घातली आणि बराच वेळ खिशावर हात ठेवून बसले.

"एकही नको म्हणत होते मी," नसीमआपा शेवटी म्हणाल्या. "दोन झाल्या."

आजची परिस्थिती अशी. दिगंबरराव कॅनडात आहेत. रोज व्हिडिओ कॉल करतात आणि आधी गाडी दाखवायला सांगतात. औरंगपुऱ्यात दुकानापुढं ढोल आणि हलगी शेजारी शेजारी उभ्या असतात, दोघींची तोंडं रस्त्याकडे. बघून बघून निम्म्या गल्लीनं आपल्या स्कूटरही तशाच लावायला सुरुवात केली आहे. जे लावत नाहीत त्यांना आपा जाता जाता टोकतात. ढोल चांगली की हलगी, हा रऊफभाईंचा प्रश्न काही सुटलेला नाही. आता तो दर रविवारी सकाळी नव्यानं पडतो. घोट्यासाठी त्यांनी ढोललाही मेकॅनिककडून टाचेचा दांडा बसवून घेतला आहे. दिगंबररावांना अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर गाडी कायम उजवीकडून दाखवली जाते.

यातून तुम्ही घ्यायचा धडा एवढाच. गाडी चालते कशी ते शोरूमवाला दाखवतो. ती निघते कशी ते आपण बघायचं. मी क्लिनिकच्या दारातही पाटी लावली आहे, चपला तोंड बाहेर करून काढा. गुडघेवाल्या पेशंटना फार सोयीचं झालं. घरातही हाच नियम केला आहे. फक्त मागच्या सुट्टीत तुम्ही विसरून गेलात त्या तुमच्या दोन चपलांच्या जोड्या मी तोंड घराकडे करून ठेवल्या आहेत. निघताना तुम्हाला जरा वेळ लागावा, एवढाच हेतू.